पुलाजवळची बारा पावलं

ऑक्टोबर संपत आला की आमच्याकडे जो तो आपापल्या चराच्या काठावर उभा दिसतो. पायात मांडीपर्यंतचे रबरी बूट, हातात लांब दांड्याचं दाताळं आणि तोंडात पावसाला घातलेली शिवी. शिवी हळू आवाजात, कारण पलीकडच्या काठावर चर्चच्या मंडळातलं कुणीतरी हेच काम करत असतं. चरातलं शेवाळ, लव्हाळी आणि गाळ ओढून वर टाकायचा. दर चार हातांवर कंबर धरायची, आणि पुन्हा खाली वाकायचं. आमचा अर्धा मुलूख समुद्रापेक्षा खाली आहे. चर तुंबले तर गाईंच्या आधी माणसंच बुडतील.

नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी पाणीमंडळाचा तपासनीस सायकलवरून येतो. खुणा केलेली काठी पाण्यात उभी करतो, खोली बघतो आणि वहीत लिहितो. ज्याचा चर उथळ त्याच्या नावापुढं फुली. फुली पडली की आठवड्याभरात मंडळाचं यंत्र येतं आणि लोखंडी बादलीनं सगळा चर खरवडून जातं. यंत्राचं कुणाला फारसं वाटत नाही. लाज असते ती फुलीची. रविवारी चर्चच्या दारात कुणी टोचून बोलत नाही. फक्त सगळे तुमच्याशी हवामानावर जरा जास्तच बोलतात, आणि ते जास्त झोंबतं.

बास्तियानच्या नावापुढं पंचेचाळीस वर्षांत फुली पडली नव्हती. पण यंदा वसंतात त्याला अर्धांगाचा झटका आला आणि शरीराची उजवी बाजू गेली. पाय हळूहळू थोडा परत आला, हात काही आला नाही. तो मांडीवर पडून असायचा, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा. चौऱ्याहत्तर वर्षांचा हा माणूस डाव्या हातानं जेवायला शिकत होता. वाटाण्याचं सूप निम्मं पोटात जायचं, निम्मं सदऱ्यावर. सून नेल समोर बसून बघायची. एकदा तिनं न राहवून त्याच्या हातातला चमचा घेतला, तर त्यानं तोंड घट्ट मिटलं आणि सूप थंड होईपर्यंत उघडलं नाही. त्यानंतर तिनं पुन्हा चमच्याला हात लावला नाही. त्याला उठवणं, धुणं, दाढी करणं, बूट चढवणं सगळं तीच करत होती. ते तो डोळे मिटून करून घ्यायचा. पण घास भरवून घ्यायचा नाही, ही एक गोष्ट त्यानं राखून ठेवली होती.

नवरा वाउटर दूध गोळा करणाऱ्या टँकरवर चालक होता. पहाटेचं दूध काढून तो निघायचा, तो संध्याकाळचं काढायलाच परत यायचा. मधला सगळा दिवस नेलचा. साठ गाई, सासरा, आणि चारशे पावलं चर.

सोमवारपर्यंत तिनं त्यातली तीनशे अठ्ठ्याऐंशी साफ केली होती. तीन आठवडे पाऊस लागून होता. तळहाताचे फोड फुटून पुन्हा भरले होते आणि कंबर रात्री अंथरुणावर टेकायलाही तयार नव्हती. राहिली होती फक्त पुलाजवळची बारा पावलं.

घर चराच्या अलीकडं, गोठा पलीकडं, मध्ये लाकडी पूल. पुलाच्या डाव्या अंगाची बारा पावलं दर वर्षी बास्तियान स्वतः साफ करायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. तेही लाकडी दाताळ्यानं, गवत ओढायला वापरतात त्या. गावानं त्याची टिंगल करून करून हौस फेडून घेतली होती. "बास्तियान पाण्याचे केस विंचरतोय," असं पलीकडचा शेजारी लेन दर वर्षी म्हणायचा, आणि दर वर्षी स्वतःच हसायचा.

"ती बारा पावलं राहू दे," सोमवारी कॉफी पिताना बास्तियान म्हणाला. जीभही थोडी जड झाली होती, शब्द ओढत यायचे.

"राहू दे म्हणजे? गुरुवारी तपासनीस येतोय, आबा."

"मी करीन."

"कोणत्या हातानं?"

बोलून गेल्यावर तिला वाईट वाटलं. पण माघार घ्यायचंही त्राण नव्हतं. तिनं नुसतंच त्याच्या कपाखाली फडकं सरकवलं.

नेल बेफिकीर बाई नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. गेल्या साली वरच्या गावात एकाच्या फावड्याला गॅसची नळी लागली होती आणि अख्खी आळी दुपारभर चर्चमध्ये जाऊन बसली होती. तेव्हापासून नेल कोंबड्यांच्या कुंपणाचा खुंट ठोकायचा झाला तरी आधी चौकशी करायची. याही वेळी तिनं केली होती. जमिनीखाली काय काय पुरलंय त्याचा नकाशा मागवला. तो मंगळवारी सकाळी आला. रस्त्याकडून लाल रेघ यायची, घराच्या भिंतीपाशी मीटरला टेकायची आणि संपायची. चरावर एकही रेघ नव्हती.

तिनं फोन लावून विचारलं, "गोठ्याची वीज चराखालून जाते. ती नकाशात कशी नाही?"

"बाई, मीटरपर्यंतचं आमचं," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "मीटरच्या पुढचं तुमचं. ते ज्यानं पुरलं असेल त्यालाच विचारा."

ज्यानं पुरलं तो खिडकीशी बसला होता. नेलनं नकाशा त्याच्या मांडीवर, निर्जीव हातावर पसरला.

"आबा, गोठ्याची केबल तुम्हीच टाकलीय ना?"

"हो."

"पुलाच्या डावीकडून?"

"हो."

"किती खोल?"

बास्तियान नकाशाकडं बघत राहिला. जिथं काहीच काढलेलं नव्हतं नेमकं तिथं.

"खोल आहे," तो म्हणाला.

"खोल म्हणजे किती? गुडघाभर? कंबरभर?"

"खोल."

तो खोटं बोलला. केबल खोल नव्हती. गाळाखाली चार बोटांवर होती, आणि हे जगात एकट्या बास्तियानला माहीत होतं. म्हणून ते लाकडी दाताळं, म्हणून ते पाण्याचे केस विंचरणं. सांगायला तोंड उघडावं लागलं असतं एवढंच. पण पंचेचाळीस वर्षं न सांगितलेली गोष्ट मंगळवारी सकाळी कॉफीबरोबर कशी सांगायची, ते त्याला जमेना. मी त्याची बाजू घेणार नाही. त्यानं तिथंच बोलायला हवं होतं.

मंगळवारचा दिवस एका गाईच्या वेतात गेला. वासरू आडवं आलं होतं. नेल खांद्यापर्यंत हात घालून दुपारभर झगडली. वासरू जगलं. पण संध्याकाळी तिला स्वतःचा कोट काढता येईना, वाउटरनं तो ओढून काढला.

"उद्या मी रजा टाकू?" त्यानं विचारलं.

"आणि टँकर कोण नेणार? बाराच पावलं आहेत. होतील."

"आबांचा लाडका तुकडा," वाउटर हसून म्हणाला. "आबा, तुमच्या लाकडी दाताळ्यानं करायला सांगू का हिला?"

"हो," बास्तियान एकदम म्हणाला. "लाकडीनंच. वरवर."

"वरवर केलं तर काठी खुणेपर्यंत बुडायची नाही, आबा," नेल म्हणाली. "यंदा लव्हाळी माजलीय. लाकडी दातांनी नुसत्या गुदगुल्या होतात."

"यंत्र येऊ दे मग," वाउटर म्हणाला. "फुली तर फुली. खरवडून जाईल एका तासात."

बास्तियानच्या हातातला पाव ताटात पडला. दोघांनाही वाटलं, फुलीचं नाव काढलं म्हणून. नेलनं पाव उचलून पुन्हा त्याच्या डाव्या हातात दिला आणि नवऱ्याला डोळ्यांनी गप्प केलं. बास्तियानच्या डोळ्यांपुढं लोखंडी बादली होती, आणि यंत्राच्या आत बसलेला कुणाचा तरी मुलगा.

बुधवारी दुपारी पाऊस जरा थांबला. नेलनं सासऱ्याला खिडकीशी बसवलं, गुडघ्यांवर पांघरूण घातलं आणि लाकडी दाताळं घेऊन गेली. खिडकीतून बास्तियानला सगळं दिसत होतं. तिनं दोन-तीनदा ओढलं. चौथ्यांदा लव्हाळीच्या मुळात दात अडकले आणि तीन दात एकदम मोडले. तिनं ते दाताळं काठावर फेकलं, कंबरेवर हात ठेवून आभाळाकडं बघितलं, आणि पूल ओलांडून गोठ्यात गेली. बाहेर आली ती लोखंडी दाताळं घेऊन. काठावर बसून तिनं बूट वर ओढले आणि पाण्यात उतरली. मांडीभर पाण्यात.

बास्तियान ओरडला. पण झटका आल्यापासून त्याचा आवाज खोलीबाहेर जात नव्हता. खिडकीची कडी उजव्या बाजूला होती, त्या मेलेल्या हाताकडं. गोठ्यात रेडिओ मोठ्यानं चालू होता. गाईंना आवडतो म्हणून नेल तो दिवसभर लावून ठेवायची.

बाहेर जायचं तर दाराला तीन पायऱ्या. त्याच्या आईच्या वेळी एकही नव्हती. घर लाकडी खांबांवर उभं आहे, ते जागचं हलत नाही. भोवतालची काळी मऊ जमीन मात्र दर वर्षी बोटभर खचते. दर पंधरा-वीस वर्षांनी आम्ही दाराला एक पायरी लावतो आणि रस्त्याकडून येणारी केबल भिंतीपाशी ताणली म्हणून वीजवाल्याला बोलावतो. त्या तीन पायऱ्या बास्तियान एकट्यानं उतरला असता तर तिसरीवर पोचलाच नसता, हे त्याला कळत होतं.

नेलनं दाताळं उचललं आणि गाळात मारलं.

मीटरचं कपाट मात्र घरातच होतं, खोलीच्या दारापासून सहा पावलांवर. तो खुर्चीची पाठ धरून उठला. पांघरूण पायात आलं, ते त्यानं लाथेनं काढायचा प्रयत्न केला, पाय ऐकेना, मग ते तसंच ओढत निघाला. एका हातानं भिंत धरावी तर कपाट उघडायला हात नाही. त्यानं खांदा भिंतीला टेकवला आणि डाव्या हातानं कपाटाचं दार ओढलं. आत चिनी मातीच्या फ्यूजांची जुनी रांग होती. गोठ्याचा डावीकडून चौथा, मोठा. डाव्या हातानं तो कोणत्या दिशेला फिरवायचा, हेच त्याला क्षणभर आठवेना. मग आठवलं.

गोठ्यातला रेडिओ बंद पडला.

नेल पाण्यात थांबली. आधी तिला बरं वाटलं, इतकं शांत झालं. मग दुधाची टाकी थंड करणाऱ्या पंपाची घरघरही थांबलीय, हे तिच्या लक्षात आलं. सकाळचं सगळं दूध आत होतं. ती काठावर चढली, दाताळं टाकलं आणि चिखलाच्या बुटांसकट घरात शिरली. असं ती लग्नानंतरच्या बारा वर्षांत कधी शिरली नव्हती.

बास्तियान कपाटाखाली जमिनीवर बसला होता. पांघरूण पायात गुंडाळलेलं, डावी मूठ छातीशी.

"पडलात?" ती धावली. "लागलं का? आबा, लागलं का कुठं?"

त्यानं मान हलवली. तिनं वर बघितलं. चौथी जागा रिकामी होती. मग तिनं मुठीकडं बघितलं.

"तुम्ही काढलात?"

त्यानं डोळे मिटून घेतले.

"आबा, द्या तो इकडं. टाकी बंद पडलीय."

मूठ आणखी घट्ट झाली. नेलनं त्याची बोटं उघडायचा प्रयत्न केला. अर्धा मेलेला माणूस, पण उरलेल्या हातात सगळ्या अंगाची ताकद उतरली होती. तिचे हात गाळानं बरबटलेले होते, ते घसरत होते. मग तिच्यातलं काहीतरी तुटलं.

"काय मांडलंय हे तुम्ही?" ती ओरडली. "सहा महिने तुमचं हागणं-मुतणं काढतेय मी! कधी हूं की चूं केलं? गाई मी, गोठा मी, चर मी. आणि तुमचा तो बारा पावलांचा मान! कुणी हात लावायचा नाही! काय पुरलंय तिथं, सोनं?"

"शनिवार होता," बास्तियान म्हणाला.

"काय?"

"ज्या दिवशी टाकली. शनिवार."

ती श्वास घेत उभी राहिली. त्याला शब्द जुळवायला वेळ लागत होता आणि तिला तो देणं भाग होतं.

"दोन्हीकडं फळ्या लावून पाणी अडवलं होतं. मी एकटाच. कंबरभर खणायचं ठरलं होतं. गुडघ्यावर गेलो आणि खाली बुंधा लागला. जुनं झाड, गाडलेलं. काळं पडलेलं, दगडासारखं. कापायला अर्धा दिवस लागला असता. अंधार पडायला आला होता. दुसऱ्या दिवशी रविवार."

नेलला ते समजावून सांगायला नको होतं. रविवारी आमच्याकडं विळ्यालाही कुणी हात लावत नाही, तेव्हा तर खिडकीचा पडदाही जपून सरकवायचे. आणि फळ्या सोमवारपर्यंत ठेवल्या असत्या तर वरच्या सगळ्या शेतांत पाणी चढलं असतं.

"बाबा दारात उभे होते. चर्चची घंटा व्हायच्या आत हात धू म्हणाले. मी केबल बुंध्यावरनंच टाकली. वर कौलं ठेवली. बाबांनी विचारलं, कंबरभर गेलास ना? मी म्हटलं, हो."

"आणि मग?"

"मग जमीन खचत गेली. मंडळानं दोनदा पाणी खाली घेतलं. आपण चर खोल करत गेलो. बुंधा तिथंच आहे. वीस वर्षांपूर्वी दाताळ्याला कौल लागलं तेव्हा कळलं."

"वीस वर्षं," नेल म्हणाली. "वाउटर तिथं मासे धरायचा. मी काल विचारलं तुम्हाला. कागद मांडीवर ठेवून विचारलं."

"हो."

"मी आता पाण्यात होते, आबा."

"म्हणून काढला," तो म्हणाला, आणि तोंड वाकडं करून रडायला लागला. झटक्यानंतर त्याला अर्ध्याच तोंडानं रडता यायचं.

नेलनं त्याला उठवून खुर्चीत बसवलं. रडायला तिलाही आलं असतं, पण टाकीतलं दूध तापत होतं. तिनं लेनला फोन केला. तो ट्रॅक्टरमागं जनरेटर जोडून आला. आल्याआल्या विनोद करायच्या बेतात होता, पण तिचं तोंड बघून गप्प झाला. त्यानं गोठ्यातला मोठा खटका आधी खाली ओढला, मगच जनरेटर लावला. नाहीतर ती वीज उलटी त्याच केबलमध्ये शिरली असती. एवढी अक्कल लेनला होती.

मग दोघं पुलाखाली गेले. नेलनं बाही वर करून पाण्यात हात घातला आणि गाळ बोटांनी बाजूला सारला. चार बोटांवर कौल लागलं. मधोमध फुटलेलं. दोन तुकड्यांच्या फटीतून काहीतरी गार, अंगठ्याएवढं जाड. लेननं फळी लावून पाणी जरा बाजूला रेटलं तेव्हा ते दिसलं. डांबरी कापडाचं वेष्टण कुजून सुटलं होतं, आतली धातूची पट्टी गंजून काळी झाली होती. त्या काळ्या पट्टीवर दोन बारीक रेघा होत्या, शेजारी शेजारी, दाताळ्याच्या दातांच्या अंतरावर. त्या गंजलेल्या नव्हत्या. चकचकीत होत्या.

लेननं टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"वर ये, नेल," तो म्हणाला. "वर ये आधी."

ती वर आली. लोखंडी दाताळं उचलून तिनं ते काठापासून लांब नेऊन ठेवलं.

वीजतंत्री शुक्रवारी येतो म्हणाला. नवी केबल पुलाच्या अंगानं उघडी, नळीतून, सगळ्यांना दिसेल अशी न्यायची ठरली. नेलनं मग पाणीमंडळाला फोन लावला. चर साफ नाही, होणार नाही, आणि तुमचं यंत्र तर अजिबात पाठवू नका, खाली केबल आहे, असं सांगितलं. तिकडचा माणूस म्हणाला, नकाशात तर नाही. ती म्हणाली, नाहीच आहे. फुली पडेल बाई, तो म्हणाला. पडू द्या, ती म्हणाली. मग कुणी टाकली, किती खोल, हे त्याला लिहून घ्यायचं होतं. नेलनं फोन बास्तियानच्या कानाशी धरला.

"मी टाकली," बास्तियान म्हणाला. "चार बोटं. लिहा. चार."

वाउटर आला तेव्हा लेननं त्याला अंगणातच सगळं सांगितलं. तो बराच वेळ पुलावर उभा राहिला. मग बापाकडं न बघताच तोंड धुऊन दूध काढायला गेला. आज त्याच्याकडून एवढंच होणार होतं.

स्वयंपाकघरात दिवा होता, घराचे फ्यूज वेगळे. नेलनं सूप गरम करून टेबलावर ठेवलं आणि सासऱ्यासमोर बसली. अंगातला एकेक सांधा दुखत होता. बास्तियानचा उजवा हात मांडीवर, डावा छातीशी. मूठ अजून मिटलेली होती. गोठ्यातला खटका खाली आहे, केबल दोन्ही टोकांनी मेली आहे, हे तिनं त्याला दोनदा सांगितलं होतं. त्यानं दोन्ही वेळा मान डोलावली होती आणि मूठ उघडली नव्हती. सूप थंड होत चाललं.

"आबा, तो टेबलावर ठेवलात तरी चालेल. कुणी लावत नाही."

"शुक्रवारपर्यंत धरतो," तो म्हणाला.

तिनं त्या मुठीकडं बघितलं. बोटांच्या पेरांवर तिच्याच हातांचा गाळ वाळला होता. मग तिनं खुर्ची सरकवून त्याच्या शेजारी घेतली, चमचा भरला, फुंकर घातली आणि त्याच्या तोंडाशी नेला.

बास्तियाननं थोडा वेळ चमच्याकडं पाहिलं. मग तोंड उघडलं.